काउंटडाउनच्या खुर्चीत बसायचं तर

ब्रिटनमध्ये दुपारी चॅनल फोर लावलं की काउंटडाउन दिसतं. नऊ अक्षरांतून शब्द, सहा आकड्यांतून एक संख्या, भिंतीवर तीस सेकंदांचं घड्याळ. आपल्याकडची बरीच मंडळी ते चहा पिता पिता बघतात, दोन-तीन उत्तरं घरबसल्या देतात आणि म्हणतात, "तिथे जाऊन खेळायचं म्हणजे इंग्रजांचं काम." मी मिरजेची, शाळा पूर्ण मराठी माध्यमातली, लीड्समध्ये पोस्टाच्या खिडकीवर नोकरी करून निवृत्त झाले आणि मग त्या खुर्चीत बसून आले. तेव्हापासून आमच्या मंडळात कुणी ना कुणी विचारतंच, की तयारी कशी केली. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. माझं ठाम मत आहे की मराठी शाळेत पाढे म्हटलेल्या माणसाने हा खेळ खेळलाच पाहिजे. शब्दांच्या फेऱ्यांत तग धरायची आणि आकड्यांच्या फेऱ्यांत पुढे जायचं, हा आपला मार्ग.

खेळाचं मूळ फ्रेंच. तिकडे १९६५ मध्ये फक्त शब्दांचा कार्यक्रम सुरू झाला, पुढे त्यात आकडे आले. ब्रिटनमध्ये २ नोव्हेंबर १९८२ला चॅनल फोर सुरू झालं तेव्हा त्यावर दिसलेला पहिलाच कार्यक्रम म्हणजे काउंटडाउन. तेव्हा तो आमच्या लीड्समध्ये तयार व्हायचा. आता चित्रीकरण मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्डच्या मीडियासिटीत होतं. आकड्यांच्या फेरीत लक्ष्यसंख्या देणाऱ्या यंत्राचं नाव सेसिल, म्हणजे 'काउंटडाउन्स इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर इन लीड्स' यातली आद्याक्षरं, आणि त्या नावातलं शेवटचं अक्षर अजूनही लीड्सचंच आहे, याचा आम्हा लीड्सकरांना अभिमान.

नियम थोडक्यात

एका भागात पंधरा फेऱ्या: दहा अक्षरांच्या, चार आकड्यांच्या आणि शेवटी एक कोडं, ज्याला कनंड्रम म्हणतात. अक्षरांच्या पाच फेऱ्यांत अक्षरं तुम्ही मागता, पाचांत प्रतिस्पर्धी. आकड्यांतही दोन-दोन. नऊ अक्षरांत किमान तीन स्वर आणि चार व्यंजनं घ्यावीच लागतात. ज्याचा शब्द लांब त्यालाच गुण, एका अक्षराला एक. लांबी सारखी असेल तर दोघांनाही गुण मिळतात. नऊच्या नऊ अक्षरं वापरलीत तर नऊऐवजी अठरा.

आकड्यांत सहा पाट्या निवडायच्या. मोठे आकडे चारच, २५, ५०, ७५, १००, प्रत्येकी एकदा. लहान आकडे १ ते १०, प्रत्येकी दोनदा. मोठे किती हवेत ते सांगायचं, शून्यापासून चारपर्यंत कितीही. मग सेसिल १०१ ते ९९९ मधली एक संख्या दाखवतं. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, बस्स. अपूर्णांक मधेही येता कामा नये, उणे संख्याही नाही, आणि एक पाटी एकदाच. सगळ्या पाट्या वापरायची सक्ती नाही. अचूक उत्तराला १० गुण, पाचच्या आत चूक असेल तर ७, सहा ते दहाच्या आत ५. मात्र इथेही जो जवळ त्यालाच गुण.

आता हिशेब बघा. आकड्यांच्या चारही फेऱ्या अचूक आल्या तर ४० गुण. समोरचा तुमच्यापेक्षा लांब, सात अक्षरी शब्द तीनदा काढून गेला तर त्याची आघाडी २१. म्हणजे त्याच्या हातून आकड्यांच्या दोन फेऱ्या निसटल्या आणि तुमच्या निसटल्या नाहीत, तर ती आघाडी जवळजवळ भरून निघते. शब्दांत भक्कम असलेले पुष्कळ इंग्रज स्पर्धक आकडे आले की सावध होतात. आपली संधी नेमकी तिथे आहे.

आकडे: पावकी, निमकी, पाऊणकी

मोठ्या पाट्या पुन्हा एकदा वाचा: २५, ५०, ७५, १००. म्हणजे शंभराचा पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण. ज्यांच्याकडून गुरुजींनी पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेतली त्यांना ७५चे गुणाकार करावेच लागत नाहीत. सात पाऊण सव्वापाच, म्हणून ७५ गुणिले ७ म्हणजे सव्वापाचशे. नऊ पाऊण पावणेसात, म्हणजे ६७५. तेरा पाऊण पावणेदहा, म्हणजे ९७५. इंग्रजीत विचार करणारा माणूस इथे कागदावर हातचा धरत असतो.

तुमच्या पिढीला पाऊणकी शिकवली नसेल तर आता शिका, आठवडाभराचं काम आहे. २५ आणि ७५ यांचे पाढे तेरापर्यंत तोंडपाठ हवेत. आणि ते शंभरांच्या पाव-पाऊण भाषेतच पाठ करा: सव्वाशे, पावणेदोनशे, सव्वादोनशे, पावणेतीनशे. याचा फायदा असा की लक्ष्यसंख्या समोर येताच तिच्या जवळचा मुक्काम आपोआप दिसतो. ८६८ म्हटलं की मला पहिल्यांदा पावणेनऊशे दिसतात, आणि सात कमी.

समजा पाट्या आहेत १००, २५, ७, ३, ४, ९ आणि लक्ष्य ८६८. पावणेनऊशे म्हणजे सात सव्वाशे. सव्वाशे कुठून? १०० अधिक २५. त्याला ७ ने गुणलं, ८७५. आता सात वजा करायचे, पण ७ची पाटी वापरून झाली. हरकत नाही, ३ आणि ४ मिळून सात. ८६८ अचूक, आणि ९ला हातही लावला नाही. सरावाने हे पाच-सात सेकंदांत होतं.

दुसरी युक्ती यापेक्षाही महत्त्वाची आहे, कारण तिच्यावाचून कठीण संख्या सुटत नाहीत. पाट्या ५०, ९, ७, ४, ३, २ आणि लक्ष्य ४२३. पन्नास नवे साडेचारशे, म्हणजे २७ जास्त झाले. २७ म्हणजे तीन नवे, पण ९ आधीच खर्च झाला. अशा वेळी २७ दुसऱ्या पाट्यांतून जुळवत बसू नका. वजाबाकी गुणाकाराच्या आधी करा: ५० वजा ३ म्हणजे ४७, आणि ४७ नवे ४२३. चुकीची रक्कम तुमच्या गुणकाच्या पटीत असेल तर ती कंसाच्या आत ढकलायची. शाळेत ज्याला वितरणाचा नियम म्हणत तोच हा. रोज पाच-सहा उदाहरणं फक्त याच युक्तीची करा.

मोठा आकडा एकही घेतला नाही तर बरेच जण गांगरतात. सहा लहान पाट्या, समजा १०, ९, ८, ७, ४, ३, लक्ष्य ५१७. इथे मोठी संख्या आपणच तयार करायची. आठ साते छप्पन्न, छप्पन्न नवे ५०४, वर १० आणि ३. झालं. तीस पर्यंतचे पाढे ज्याला येतात त्याने सहा लहान पाट्यांना भिण्याचं कारण नाही. छप्पन्नचा पाढा कुणी पाठ करत नाही, पण सात, आठ, नऊ यांच्या गुणाकारांना पुन्हा एका अंकाने गुणायची सवय करून ठेवावी: ४२, ४८, ५४, ५६, ६३, ७२.

आणि चार मोठे. इथे १९९७ मधला तो प्रसिद्ध डाव सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण त्यातून जे शिकायला मिळतं ते दहा उदाहरणांतून मिळणार नाही. पाट्या होत्या २५, ५०, ७५, १००, ३, ६ आणि लक्ष्य ९५२. स्पर्धकाने सांगितलं: १०० अधिक ६ म्हणजे १०६, गुणिले ३ म्हणजे ३१८, गुणिले ७५ म्हणजे २३,८५०, वजा ५० म्हणजे २३,८००, भागिले २५ म्हणजे ९५२. सगळा स्टुडिओ थक्क झाला. आजही त्या उत्तराची चित्रफीत लोक पुन्हा पुन्हा बघतात.

पण त्याने तेवीस हजारांचा गुणाकार करून वाट शोधली असेल असं समजू नका. उलटीकडून बघा. ७५ भागिले २५ म्हणजे ३. ५० भागिले २५ म्हणजे २. म्हणजे खरं गणित आहे ३१८ तिरी ९५४, वजा २. अडचण एवढीच की २५ची पाटी एकच आहे आणि भाग दोनदा द्यायचा आहे. म्हणून आधी ७५ ने गुणायचं, ५० वजा करायचे, आणि सगळ्या रकमेला शेवटी एकदाच २५ ने भागायचं. हे समजलं की चार मोठ्या पाट्या घाबरवत नाहीत: एखादी संख्या तिप्पट करून तिच्यात दोन मिळवायचे किंवा त्यातून दोन काढायचे, इतकंच ते आहे. पाट्या २५, ५०, ७५, १००, ३, ९ आणि लक्ष्य ९२९ असेल तर? १०० तिरी ३००, अधिक ९ म्हणजे ३०९. त्याची तिप्पट ९२७, अधिक दोन. म्हणजे तोंडाने सांगायचं: ३०९ गुणिले ७५, अधिक ५०, भागिले २५.

पाट्या किती मागायच्या, यालाही धोरण हवं. तुम्ही पुढे असाल तर एक मोठा मागा, कारण त्यात बहुतेक वेळा दोघांनाही उत्तर येतं आणि आघाडी टिकते. मागे असाल तर चार मोठे किंवा सहा लहान, म्हणजे समोरच्याचं चुकण्याची शक्यता वाढते. बरोबरीत असताना मी दोन मोठे, चार लहान मागते. मला त्यात सगळ्यांत मोकळं वाटतं.

एक लक्षात ठेवा: पाट्या आधी दिसतात, लक्ष्य नंतर येतं. मधल्या त्या काही क्षणांत नुसतं बघत बसायचं नाही. कोणते दोन आकडे मिळून शंभराजवळ जातात, कोणत्या गुणाकारातून सव्वाशे-दीडशे होतात, हे बघून ठेवायचं. मग घड्याळ सुरू झाल्यावर आधी दहाच्या आतलं एखादं उत्तर कागदावर लिहून टाकायचं आणि उरलेला वेळ अचूक उत्तराला द्यायचा. वापरलेली पाटी कागदावर खोडत चला. एकच पाटी दोनदा वापरणं हा तिथे सगळ्यांत जास्त दिसणारा घोटाळा आहे, आणि त्यात हातात आलेले गुण जातात.

मराठीत विचार करणाऱ्याने आणखी एक काळजी घ्यावी. आपण त्रेचाळीस म्हणताना तीन आधी म्हणतो, इंग्रजीत चाळीस आधी. डोक्यात मराठी आणि तोंडात इंग्रजी अशा वेळी ४३चे ३४ होऊ शकतात. म्हणून गणित मराठीत करा, पायऱ्या अंकांत लिहा आणि सांगताना कागदावरून वाचा. घरी सराव करतानाही उत्तर मोठ्याने, इंग्रजीत, पायरीपायरीने सांगायचं. आमचे हे समोर बसून फळ्यावर लिहिल्यासारखं करायचे आणि मी "हंड्रेड प्लस सिक्स" असं सांगायचे. वेड्यासारखं वाटलं तरी करा.

अक्षरं: सहाची मोळी

इंग्रजी शब्दसंग्रह आता या वयात वाढवायचा कसा, असं लोक विचारतात. सगळा वाढवायची गरज नाही. सात अक्षरी शब्द हमखास देणाऱ्या काही अक्षरांच्या मोळ्या पाठ करायच्या. सगळ्यांत उपयोगी मोळी सहा अक्षरांची: आर, ई, टी, आय, एन, ए. म्हणजे डोळ्यातला तो रेटिना. ही सहाही अक्षरं इंग्रजीत सारखी सारखी येतात, त्यामुळे नऊ पाट्यांत त्यांची भेट वारंवार होते. आता सातवं अक्षर कोणतं आहे ते बघा. जी असेल तर ग्रॅनाइट. सी असेल तर सर्टन. पी असेल तर पेंटर किंवा पर्टेन. एम असेल तर मिनारेट, आपला मिनार. डी आला तर ट्रेन्ड, म्हणजे प्रशिक्षित, दुसरा ई आला तर ट्रेनी, दुसरा आर आला तर ट्रेनर किंवा टेरेन, दुसरा टी आला तर नायट्रेट. एल असेल तर रिलायंट, एच असेल तर हेअरनेट, एस असेल तर नॅस्टियर. के आला तर बहुतेक जण नाक मुरडतात, पण केसांतला केराटिन त्यातच आहे. यातला एकही शब्द अनोळखी नाही. ते सगळे आपल्याला येतात, फक्त विस्कटलेल्या अक्षरांत ओळखता येत नाहीत, आणि सराव करायचा तो ओळखण्याचाच.

ओ आला तर सातवर समाधान मानू नका. सोबत एस असेल तर नोटरीज होतो, आठ अक्षरी. मी प्रत्येक मोळीसाठी वहीचं एक पान ठेवलं होतं, वर सहा अक्षरं आणि खाली सातव्या अक्षराप्रमाणे शब्द. एक मोळी पक्की झाल्याशिवाय दुसरी उघडायची नाही.

मोळी नसेल तेव्हा शेपट्या शोधा. ईडी, ईआर, आयएनजी, ईएसटी, एजीई, आयएसई. शेपटी बाजूला लिहायची आणि उरलेल्या अक्षरांत धड शोधायचं. पुढे लागणारे तुकडेही बघा: आरई, आउट, ओव्हर. आउटसाइड सात अक्षरी, आर मिळाला की आउटसाइडर आठ. आयएनजीच्या मोहात मात्र पडू नये. तीन अक्षरं त्यात अडकतात, आणि उरलेल्या सहांतून धड निघालं नाही तर तीस सेकंद वाया. दहा सेकंदांत धड दिसलं नाही तर ती शेपटी सोडून द्या.

अक्षरं मागताना मी चार स्वर, पाच व्यंजनं असं धरून चालते. शेवटची पाटी मागण्यापूर्वी मात्र समोरच्या आठांकडे नीट बघा. तीन स्वर आधीच चांगले जुळत असतील तर व्यंजन मागा. पाच स्वर आले म्हणून हताश व्हायचं कारण नाही. ए, ई, आय, ओ, यू हे पाचही आणि सोबत सी, डी, एन, टी अशी नऊ अक्षरं आली तर एज्युकेशन होतो, कॉशन्ड होतो आणि ऑक्शन्डही होतो. तिन्ही नऊ अक्षरी, अठरा गुणांचे. हा त्रिकूट पाठच करून ठेवा.

आता आपल्या फायद्याचं. शब्द वैध आहे की नाही हे ऑक्सफर्डचा शब्दकोश ठरवतो आणि त्यात आपल्या देशातले कितीतरी शब्द बसलेले आहेत. सरोद, रायता, पनीर, डोसा, इडली, साडी, धोतराचा धोती, लाठी, मैदान, हरताळ, घेराव, निलगाय, डाकू या अर्थाचा डाकॉइट. आठ अक्षरी तंदुरीसुद्धा. समोरच्याला हे शब्द सहसा सुचत नाहीत. पण त्यांचं इंग्रजी स्पेलिंग आपल्या उच्चारावरून ठरवू नका. शब्दकोश उघडून एकेक शब्द लिहून काढा, दुहेरी अक्षरं कुठे आहेत ते तपासा आणि अनेकवचन कसं होतं तेही बघा. घरात बोलला जाणारा प्रत्येक शब्द त्यात असतो असं नाही.

विशेषनामं, जोडरेघेचे शब्द, संक्षेप चालत नाहीत. अमेरिकन स्पेलिंगही नाही, म्हणून कलरमध्ये यू हवाच. आयएसई आणि आयझेडई या दोन्ही शेपट्या मात्र ऑक्सफर्डला मान्य आहेत. ज्या नामाचं अनेकवचन आपण कधी ऐकलेलं नाही त्याला एस चिकटवताना जपून.

शब्द बाद झाला तर शून्य. म्हणून खात्रीचा सात आणि संशयाचा आठ यांत निवड करताना धावफलकाकडे बघायचं. पुढे असाल तर सात सांगा. वीस-पंचवीसने मागे असाल तर आठ सांगा, कारण तेव्हा सात सांगूनही फारसं साधत नाही. वेळ संपल्यावर दोघांनी फक्त लांबी सांगायची असते. शब्द मनात आहे पण कागदावर उतरला नसेल तर ते तिथेच सांगावं लागतं आणि मग तुम्हाला शब्द आधी सांगायला लावतात. तेव्हा लिहायची सवय ठेवा. लिहिलेल्या शब्दाखाली एकेक अक्षर पाट्यांशी ताडून बघायलाही दोन सेकंद राखून ठेवा.

कोडं

शेवटच्या कोड्यात नऊ अक्षरं उलटसुलट मांडलेली असतात, उत्तर एकच, जो आधी बटण दाबून बरोबर सांगेल त्याला १० गुण. एकच संधी. तुमचं चुकलं तर उरलेला सगळा वेळ समोरच्याचा. त्याआधीच तुम्ही दहापेक्षा जास्त गुणांनी पुढे असाल तर निवांत बसा. नसाल तर ऐका: मांडणी मुद्दाम अशी केलेली असते की त्यात भलतेच शब्द दिसावेत. ती मांडणी वाचूच नका. अक्षरं कागदावर गोलाकार लिहून काढा, स्वर आत, व्यंजनं बाहेर, आणि शेपटी शोधा. मला यातून जितकी उत्तरं सुचली तितकी नुसतं पडद्याकडे बघून कधी सुचली नाहीत. बटणावर हात ठेवा पण पूर्ण शब्द मनात म्हटल्याशिवाय दाबू नका.

सराव आणि अर्ज

घरी पुठ्ठ्याच्या पाट्या करा, फोनवर तीस सेकंद लावा. जुने भाग बघताना आवाज बंद करू नका, त्या घड्याळाच्या संगीताची सवय व्हायला हवी. इंटरनेटवर अ‍ॅप्टरस नावाचं संकेतस्थळ आहे, तिथे याच नियमांनी संगणकाशी किंवा माणसांशी खेळता येतं. बरेच नामांकित स्पर्धक तिथे तयार झालेत. सुरुवातीला तिथले खेळाडू पाहून धडकी भरेल, पण खेळत राहा. त्याशिवाय जुने स्पर्धक निरनिराळ्या शहरांत हौशी स्पर्धा भरवतात. तिथे जाऊन अनोळखी माणसासमोर खेळून बघणं फार मोलाचं, कारण घरच्यांसमोर हात थरथरत नाही. आकड्यांचा सराव मी मिरजेतल्या भाच्याच्या मुलाबरोबर व्हिडिओ कॉलवर करते. तो तिकडे पाट्या काढतो, मी लक्ष्य देते, दोघंही मराठीत सोडवतो. महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी मुलांना हा खेळ जरूर शिकवावा, त्याला टीव्ही लागत नाही.

अर्ज चॅनल फोरच्या संकेतस्थळावरून करायचा. पुढे निवडचाचणी होते, तीत अक्षरांच्या आणि आकड्यांच्या फेऱ्या खेळून दाखवायच्या असतात. चाचणीच्या दिवसापर्यंत रोज खेळत असायला हवं, आदल्या आठवड्यात पाठांतर करून भागत नाही. अर्जात स्वतःविषयी लिहिताना मोकळेपणाने लिहा. मी पाढ्यांविषयी लिहिलं होतं. बक्षीस पैशांचं नसतं, हे आधीच माहीत असू द्या. पहिला डाव जिंकला की काउंटडाउनची चहाची किटली मिळते, आणि माझ्यासारख्या कितीतरी लोकांचा जीव त्या किटलीवरच असतो. जिंकत राहिलात तर जास्तीत जास्त आठ भाग खेळता येतात. आठही जिंकणाऱ्याला ऑक्टोचॅम्प म्हणतात, आणि त्या पर्वातले पहिले आठ जण अंतिम फेऱ्यांना परत येतात.

चित्रीकरणाचा दिवस

मँचेस्टरहून ट्रॅम थेट मीडियासिटीला जाते. लांबून येत असाल तर आदल्या रात्रीच पोहोचा. एका दिवसात पाच भाग चित्रित होतात, म्हणून कपड्यांचे अनेक जोड न्यावे लागतात, कारण प्रेक्षकांसाठी तो दुसरा दिवस असतो. साडी नेसायची असेल तर जरूर नेसा, पण बारीक चौकडीची इरकल नको. बारीक चौकडी आणि बारीक रेघा कॅमेऱ्यात थरथरतात. एकरंगी, ठसठशीत काठाची उत्तम. बांगड्या टेबलावर वाजतात आणि माईक तो आवाज पकडतो, त्या काढून ठेवा. ब्लाउजला किंवा कुर्त्याला माईक अडकवायला जागा हवी.

अक्षर मागताना "कॉन्सोनंट प्लीज, रेचल" असं स्पष्ट म्हणा. रेचल रायली २००९पासून पाट्या लावतात आणि अवघड आकडे स्पर्धकांना सुटले नाहीत तर बहुतेक वेळा त्या सोडवून दाखवतात. शब्दकोशाच्या कोपऱ्यात सुझी डेंट १९९२पासून आहेत. तुमचा भारतीय शब्द आला की त्या अर्थ विचारतात किंवा स्वतः सांगतात, तेव्हा दोन वाक्यं बोलायची तयारी असू द्या. लाजू नका. शब्द सांगताना आपल्या व आणि डब्ल्यूच्या उच्चाराने गोंधळ झाला तर शांतपणे स्पेलिंग सांगा, कुणी घाई करत नाही.

जिंकलात तर दुसरा भाग त्याच दिवशी, थोड्याच वेळात. कपडे बदलायचे, पुन्हा माईक लावून घ्यायचा, आणि समोर नवा, ताजा प्रतिस्पर्धी. तिसऱ्या भागापर्यंत डोकं जड होतं आणि सोप्या बेरजा चुकायला लागतात. पिशवीत दशमी किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या ठेवा, पाण्याची बाटली ठेवा, आणि दोन भागांच्या मधल्या वेळात वही उघडू नका. चार घास खा, थोडं चाला, आणि बोलावलं की जा.